हँडसमली

मिल बंद झाली तेव्हा बाबांच्या हाती
हिशोबाचे पैसे आले, आणि एक कागद.
साळखात्याच्या साहेबानं टाइप केलेली दीड ओळ,
तिच्यात एक शब्द : हँडसमली.

तांडापेठेतल्या कंपाउंडरनं चष्मा पुसून वाचलं,
"डोमाजी, साहेब म्हनते तुमी देखणे आहा."
देवीच्या व्रणांनी भरलेला चेहरा घेऊन
बाबा घरी आले. आई पोट धरून हसली.
पुढं वीस वर्षं, बंबातलं पाणी काढताना,
"या हँडसमली धकाते, निवून राह्यलं."

मी सीताबर्डीच्या फुटपाथवरून
चाळीस रुपयांत डिक्शनरी आणली,
कव्हर नसलेली, ए ते सी वाळवीनं खाल्लेली.
एच शाबूत होतं.

तिथं कळलं, हा शब्द जन्मानं देखणा नव्हता.
त्याच्या पोटात नुसता हात होता.
हाताशी असलेलं, हाताळायला सोपं,
दांडा नीट बसलेल्या कुऱ्हाडीसारखं.
मग तो नेटका झाला, मग भरघोस, मग दिलदार.
चेहऱ्यापर्यंत चढायला त्याला
दोनेक शतकं लागली.
म्हणजे आपल्या हातोटीची
कुणी लांबची, न पाहिलेली बहीण.

आणि तळाशी, बारीक टायपात, खलाशांचा अर्थ :
दोर सोडताना कुणी ओरडतं हँडसमली,
म्हणजे घाई नको. हळूहळू.

नागपुरात कुठला आला समुद्र.
फुटाळ्याला तेवढ्या चार नावा.

पण गेल्या महिन्यात माडीवरचा हातमाग विकला.
सुटा करून ठेवलेला, पंधरा वर्षांच्या धुळीचा.
तुरईचं लाकूड जिन्यात वळेना,
म्हणून खिडकीतून, दोर बांधून.
बाबा खाली गल्लीत, खुर्चीवर, मान वर,
एक हात हवेत,
जणू ताण्याचा एकेक धागा चाचपतायत.
"दमानं रे पोट्टेहो. दमानं.
लागन तिले."

वरच्या पोरानं दोर बोटभर सोडला.
मग आणखी बोटभर.

रात्री आईला सगळं सांगितलं,
हात, कुऱ्हाड, खलाशी, दोर.
ती वाटाणे सोलत होती.
एक शेंग किडकी निघाली, ती बाजूला टाकून म्हणाली,
"एवढ्यासाठी पुस्तक आनलं का तू?
मंग मी का त्याईचं तोंड पाहून
हो म्हनलं होतं?"