कानाडोळा

मला जायचंच नव्हतं त्या प्रशिक्षणाला.
बावीस वर्षं प्रसूती कक्षात काढल्यावर
मला कोण काय शिकवणार?
पण मेट्रनने नाव लिहून टाकलं होतं :
सिस्टर खायन्झा, पूर्ण दिवस, जेवण मिळेल.

एम्बालेच्या दवाखान्यामागचं सभागृह.
खिडकीत वनालेचा कडा,
त्यावर धबधब्याची पांढरी रेघ.
इतक्या लांबून तिचाही आवाज येत नाही,
हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

दारात एका शिंप्याने मला चिठ्ठी दिली, सत्तेचाळीस,
आणि बाकावर बसवलं.
टेबलामागे एक बोडाबोडावाला, गळ्यात स्टेथोस्कोप.
सगळे बहिरे. सगळ्यांचे हात चाललेले.
कुणीतरी हसलं. माझ्याकडे बघून की काय?
मी बसून राहिले.
माझा आकडा कुणाच्या तरी बोटांवर आला
आणि गेला.

शेवटी त्याने मला दंडाला धरून उभं केलं.
कपाळाला आठ्या, हातांचे फटकारे :
तीनदा बोलावलं तुला!
खरं होतं ते. तीनदा बोलावलं होतं.
मग एक पुडी दिली, काहीतरी समजावलं,
मी मान हलवली.
पुन्हा समजावलं, जरा जोरात.
मी पुन्हा मान हलवली.

तेव्हा नांबोझो पुढे आली, पिवळा स्वेटर, आखूड नखं.
तिचे हात बोलले, मागून वामिम्बीचा आवाज :
किती गोळ्या? कधी? जेवणाआधी की नंतर?
मला माहीत नव्हतं.
मग मान का हलवलीस?
म्हटलं, तो चिडेल म्हणून.
तिने ते फळ्यावर लिहून ठेवलं, जसंच्या तसं.
दिवसभर ते पुसू दिलं नाही.

त्यानंतर तिने हातचं काही राखलं नाही.
खिडकीकडे पाठ करून उभ्या राहू नका,
तुमचा चेहरा काळा पडतो.
मास्क जरा खाली घ्या, किंवा चित्र काढा, सूर्य, चंद्र.
लिहून दिलं की झालं असं समजू नका,
तुमची इंग्रजी माझ्या घरची भाषा नव्हे.
आणि वामिम्बीकडे काय बघता?
पोट माझं दुखतंय.

मग एकदम, मनगट पुढे करून :
सलाईन उजव्या हाताला लावलीत,
हात फळीला बांधलात, वर दिवा मालवलात.
म्हणजे माझं तोंड बांधलंत,
आणि कानही.

कुणी खुर्ची सरकवली. कुणी खोकलं.
मला ती बाई आठवली.

बुडादिरीहून आलेली, नाव नोंदवहीत नीट नव्हतं.
तिच्या कानीकपाळी ओरडून माझा घसा बसला होता.
बरोबर आठ वर्षांची मुलगी, तिला ऐकू यायचं.
मी त्या पोरीला म्हटलं,
आईला सांग, बाळाचे ठोके थांबलेत.
पोरीने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं,
दोन्ही तळवे जोडून गालाखाली घेतले :
झोपलंय.
आई हसली.
आणि मी,
पुढच्या खाटेवर दुसरी कळा देत होती,
मी कानाडोळा केला.

जेवणाच्या सुट्टीत सगळे मटोके वाढून घेत होते.
मी नांबोझोला गाठलं. वामिम्बी मध्ये आला नाही,
तिनेच त्याला हाताने थांबवलं.
मी पोटावर हात ठेवला, मग छातीवर,
मग माझे हात हवेत तसेच राहिले.
तिला कळलं.
तिने दाखवलं. हळू. मग चेहरा दाखवला,
कारण हातांनी अर्धंच सांगून होतं.
मी चुकले, तिने माझी बोटं सरळ केली.
पाच वेळा.

ती खूण इथे लिहिता येत नाही.

अजून वापरायची वेळ आलेली नाही.
रात्रपाळीला हात धुताना, साबणासकट,
आरशासमोर करून बघते.
हात जमतात.
चेहरा अजून जमत नाही.
ती पोर आता एकोणीस वर्षांची असेल.