करवतीचे दात

गांधीबागेत कोशाची लड घेताना
मी आधी ती कानाजवळ नेते.
दुकानदार हसतो : बाई, हे काय टरबूज आहे?
पण कोसा बोलतो.
मुठीत दाबला की वाळल्या पानांवरून
कुणी दबकत गेल्यासारखा.
गप्प राहिला तर त्यात भेसळ असते
आणि मी चहा न घेता उठते.

तांडापेठेत कवडूजी हेडाऊंचा खड्डामाग.
मे महिना. शेहेचाळीस.
हवा इतकी कोरडी की ताण्याचे तार
नुसत्या नजरेनं तुटावेत.
म्हणून खड्ड्यात ओलं पोतं,
आणि कूलरचं तोंड आमच्याकडे नाही, मागाकडे.
"मानूस घामानं वला राह्यते," कवडूजी म्हणतात,
"धाग्याले घाम कुठचा?"

रंग मी घरी करते.
फाल्गुनात वेचलेला पळस, हिरड्याचं पाणी,
गुळात सडवलेले गंजके खिळे.
त्यांचा काळा यायला वीस दिवस लागतात,
तोवर बारापात्रेकाकूंची खिडकी बंद.
मंजिष्ठा मात्र मिनिटात फसवते :
आत्ता डाळिंबदाणा, वळून पाहावं तर वीट.

नागपूरच्या ना तुम्ही, लोक विचारतात,
मग संत्र्याचा रंग का नाही?
काढून पाहिलाय. पोतंभर साली उकळून
एक मळकट पिवळा,
आठ दिवसांच्या उन्हात पळून गेलेला.
नारिंगी लागलाच तर तो पळस देतो,
त्याच्या नावानं कुणी या शहराला ओळखत नाही.

काठाला तीन धोटे.
एक काठ त्यांच्याकडे, एक माझ्याकडे,
अंगाचा बदामी मधून ये-जा करणारा.
लाल आणि बदामी भेटतात तिथं
गाठ नाही मारायची,
एकाला दुसऱ्यात अडकवून परत घरी धाडायचं.
असं करत करत एक दात.
मग दुसरा.

सदतिसाव्या दाताला माझा एक तार जास्त गेला.
कळलं तेव्हा वीतभर कापड पुढं सरकलं होतं.
"मले तवाच दिसलं," कवडूजी म्हणाले.
मग बोलला का नाहीत?
"तुया हात मस्त चालून राह्यला होता."

दुपारभर उसवत बसले.
उसवलेला कोसा सरळ होत नाही.
जिथं जिथं वाकला होता
ते सगळं अंगात धरून ठेवतो, बारीक लाटांसारखं.
फेकवला नाही. बांगड्यांच्या डब्यात ठेवलाय,
कशासाठी, ते अजून माहीत नाही.

मध्येच लाइट गेली.
कूलरचा पंखा हळूहळू थांबला,
त्यांनी तोंडात पाणी घेऊन ताण्यावर फुंकर मारली,
तुषार पडले तेवढ्यापुरते तार गडद झाले
आणि मला एक रंग दिसला
जो माझ्या एकाही मडक्यात नव्हता.
वाळला.

पुन्हा लाइट. कूलर खाकरला.
कवडूजींनी धोटा माझ्याकडे सरकवला.
"मोज," म्हणाले.