डांगरवाडीतला समुद्र

मे महिन्यात वैनगंगा अशी आटते
की पात्रातून सायकल ढकलत नेता येते.
मी नेते. हँडलला पिशवी, पिशवीत ग्रंथालयाचं पुस्तक,
जांभळा शिक्का, पाठीची शिवण सुटलेली,
ग्रामपंचायतीच्या कपाटातल्या दोनशे बारांपैकी
एकशे सत्तेचाळीसावं.

उरकुडा मारबते डोंग्यात बसलेला असतो.
डोंगा रेतीत. पाणी तिथून दोन शेतं लांब,
घोटाभर, कोमट.
पूल झाला तेव्हापासून उतारू नाहीत,
म्हणून उन्हाळ्यात तो जावयाची डांगरं राखतो,
आणि डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून मी वाचते.

कादंबरी एका खलाशाची आहे.
जहाज बुडालं, तराफा उरला, आणि एक पत्र्याचा डबा.
अठ्ठाविसाव्या पानावर उरकुडानं थांबवलं.
"इतकं पानी, अन् पेता नाही येत?"
नाही जी, खारं असतं.
तो बराच वेळ रेतीकडे पाहत राहिला, म्हणजे
जिकडे रेती असते तिकडे.
"मंग त्याच्या देवाच्या हातून मीठ जास्तच पडलं म्हना."

खलाशी रोज दोरीला एक गाठ मारतो.
आधी गुडघे टेकून प्रार्थना करतो,
नवव्या गाठीनंतर बसून,
मग पडल्यापडल्या,
आणि विसाव्या गाठीला आभाळाला शिव्या देतो.
लेखकानं तिथं तीन टिंबं दिली आहेत.
उरकुडानं टिंबांच्या जागी शिव्या भरल्या,
एकेक अस्सल, नावाड्याची,
मी पुस्तकात तोंड घालून हसले.
"शिव्या देते म्हंजे बोलनं चालू आहे," तो म्हणाला.
"मी तं सात वर्सं बोललोच नाही त्याच्यासंग."

त्यानं एवढंच सांगितलं. बाकीचं गावाला ठाऊक आहे:
पुराची रात्र, पलीकडच्या टोलीत अडकलेली माणसं,
तीन खेपा, चौथ्या खेपेला वल्हं मोडलं,
आणि धाकटा भाऊ, बकाराम,
ज्याचं काहीच सापडलं नाही, दुपट्टासुद्धा.

शेवटची पानं उदईनं खाल्ली आहेत.
हे मला पहिल्याच दिवशी माहीत होतं.
एकेचाळिसावी गाठ, क्षितिजावर काहीतरी काळं,
ढग की जमीन, आणि पुढं
मातीचा भुगा, पुठ्ठ्यापर्यंत.
मी वाचत राहिले. नारळीची झाडं रचली,
किनाऱ्यावर धावणारी पोरं, गोड्या पाण्याचा हंडा.
"थांब," उरकुडा म्हणाला.
"आतापावेतो तू पानं उलटवत होती. आवाज येत होता."

रातकिडे. पुलावरून एक ट्रक गेला.
मला वाटलं, रागावला.
तो उठला, चाचपडत वेलींतून फिरला,
नाकाशी धरून एक डांगर निवडलं,
गुडघ्यावर फोडलं,
मला फोड दिली, स्वतः घेतली,
एक डोंग्याच्या टोकाला ठेवली.
रोजच ठेवतो. मी कधी विचारलं नव्हतं,
समजत होते नदीला असेल, बकारामला असेल.
"त्याले," तो म्हणाला. "तराफ्यावाल्याले.
एकेचाळीस दिस झाले."

सकाळी ती कोल्हा नेतो जी, मी सांगून टाकलं,
पायांचे ठसे पाहिलेत मी.
"नेऊ दे. कोल्ह्याले काय तहान नसते?"

मग धोतराला बोटं पुसत,
"उद्या पयल्या पानापासून धर.
जहाज बुडाच्या आधी
ते लोक काय जेवले होते
तेवढं माह्यं झोपेत गेलं."