क्लिपचा डाग

मृत्युपत्राच्या वरच्या कोपऱ्यात
गंजाचा एक डाग आहे, नखाएवढा.
त्याच्यावरून सातव्या आठवड्यात
प्रोबेट कचेरीचं पत्र आलं:
इथे काय जोडलेलं होतं?
कोणी काढलं? शपथेवर कळवा.

मी काढलं.
थेल्मा ऑक्सटोबी, पुतणी, वय एकसष्ट, राहणार ग्रिम्सबी.
झेरॉक्ससाठी, लायब्ररीत, पानाला दहा पेन्स.
मेलेल्या माणसाच्या कागदाची क्लिपसुद्धा काढायची नसते
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
त्याचं घड्याळ मी काढलं, दात काढून पेल्यात ठेवले,
त्याबद्दल कोणी काही विचारलं नाही.

फॉर्म मी नीट भरला होता.
मृत्यूच्या दिवशीची किंमत लिहा, म्हणतात,
आदल्या दिवशीची नाही.
घर. बँकेतले. गोदीच्या पेन्शनचे उरलेले.
आदल्या दिवशी विल्फकाका म्हणाला होता,
चहा पाणचट झालाय.
कबुतरं अकरा. किंमत:
मी 'नगण्य' लिहिलं,
खोडलं,
पुन्हा तेच लिहिलं.

जोडलेलं होतं ते
वाटाण्याच्या बियांचं रिकामं पाकीट,
मागे पेन्सिलीने त्याचं तिरकं अक्षर:
'थेल्मा, निळी मादी नॉर्मनला देऊ नको.
तो विकेल.
रात्री दार लावण्याआधी मोज.'

सही नाही. तारीख नाही. साक्षीदार तर नाहीतच.
वकीलबाईंनी पाकीट उलटसुलट केलं,
आतून दोन वाटाणे टेबलावर पडले.
याला कायद्यात काही अर्थ नाही, त्या म्हणाल्या,
सुटलात.

मग शपथेचे पाच पाउंड,
सोबतच्या कागदाचे दोन,
आणि मी हात वर करून म्हणाले की
मृत्युपत्राच्या स्वरूपाचं
काहीही तिथे जोडलेलं नव्हतं.
वाटाणे मी पर्समध्ये टाकले.

नॉर्मन दोनदा येऊन गेला.
दुसऱ्या खेपेला टोपलीच घेऊन.
प्रोबेट आल्याशिवाय इथलं पीसही हलवता येत नाही,
मी सांगितलं, आणि कचेरीचं पत्र दाखवलं,
शिक्क्याची बाजू त्याच्याकडे करून.
चष्मा नव्हता त्याच्याकडे.

संध्याकाळी हम्बरवरून धुकं चढतं.
पाकीट आता खुराड्याच्या दारावर आहे,
त्याच गंजक्या क्लिपने लावलेलं.
आज दहाच भरली.
पुन्हा मोजली, दहा.
दार उघडं ठेवून
मी पालथ्या बादलीवर बसले आहे.