डावी विंग

सायत्रा भोयर एकोणिसाव्या वर्षी
पहिल्यांदा म्हातारी झाली.
पटाची रात्र, धान कापलेल्या बांधीत मंडप,
आईचं काम करणारी तापाने फणफणलेली,
मालक म्हणाला, केसांना पावडर लाव, हो उभी.

मग नायिका होणं राहूनच गेलं.
वडशाच्या बोर्डावर तिचं नाव तळाशी,
साउंड सर्व्हिसच्या जरा वर.
सासू, सुईण, आंधळी आई,
एका हंगामात नव्वद रात्री.
तिच्याहून सहा वर्षांनी मोठा हिरो
रोज तिच्या मांडीवर मरायचा
आणि पहाटे तिच्याच बिडीवर बिडी पेटवायचा.

मी डाव्या विंगेत, पोत्यावर,
वही आणि टॉर्च घेऊन.
शब्द अडला की ती किंचित मान वळवायची,
मी नुसत्या ओठांनी सांगायचो.
लोकांना वाटायचं, बाई हुंदका गिळते.

साठीला टेकली तेव्हा सिनेमावाले आले.
केस खरेच पांढरे,
तरी त्यांनी पावडर लावली.
दोन दिवस, एक विहीर, चार वाक्यं.
परत आली ती पाकीट कनवटीला लावून.
"तिथं अंधारच नोहता बाप्पा,"
एवढंच बोलली, आणि चहा बशीत ओतला.

सिनेमा मी नातवाच्या मोबाइलवर पाहिला,
ती गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात.
मुलाचं पत्र हाती घेऊन ती थांबते,
किंचित डावीकडे बघते.
पेपरात कुणी लिहिलं होतं म्हणे,
त्या नजरेत साऱ्या आयांची वाट पाहणं आहे.

असेल.

मला ते वाक्य ठाऊक नव्हतं.
तरी ओठ हलले माझे.