खोटं घड्याळ

आमच्या गावच्या चर्चला दोन घड्याळं आहेत.
डावं खरं.
उजवं नुसतं रंगवलेलं, त्यात कायम पावणेअकरा.
सैतानाला प्रार्थनेची वेळ कळू नये म्हणून,
असं आजोबा सांगायचे.
त्यांच्यामागून बाप, बापामागून मी, नझरेनो,
दर शनिवारी खऱ्या घड्याळाला चावी देतो.
खोट्याला काही लागत नाही.
चार-पाच वर्षांनी रंगाचा एक हात, बस.

मार्चमध्ये मार्टेझची पाणमोट फुटली.
सतरावा आठवडा.
गोझोच्या धक्क्यावरून होडीनं मोठ्या बेटावर नेलं तिला,
मांडीखाली टॉवेल, टॉवेलावर तिच्या आईचा कोट.
डॉक्टर श्वेरेब म्हणाली, बाळ वाचायचं नाही.
पण ठोके आहेत.
ठोके थांबेपर्यंत थांबावं लागेल.
कुणी सांगितलं, मी विचारलं.
कायद्यानं,
ती म्हणाली, आणि आवाज खाली आणला,
चर्चमध्ये आणतात तसा.

दोन वर्षांपूर्वी मीच गेलो होतो राजधानीत.
माझ्याच हातात फलक होता.
एक जीवही जाऊ देणार नाही, असं काहीतरी,
निळ्या अक्षरांत. अक्षरं मार्टेझनंच काढलेली,
तिचं अक्षर पहिल्यापासून चांगलं.

वॉर्डाच्या दारावर क्रूस.
असाच एक कोर्टात पाहिला होता, बांधाच्या भांडणात.
वर देव, त्याच्याखाली न्यायाधीश, खाली आम्ही दोघे शेजारी.
तेव्हा ती उतरंड मला बरोबर वाटली होती.
बांध माझ्या बाजूनं लागला होता.
शाळेत संविधान पाठ करून घ्यायचे:
पहिल्या कलमात देश, दुसऱ्यात धर्म.
बाई कितव्या कलमात येते,
आठवून पाहिलं रात्रभर, त्या बाकावर.

दुसऱ्या दिवशी जावई लोन्झूनं सिसिलीत फोन केला.
मी गावी परतलो पासपोर्ट आणायला,
आणि फादर मिकीलकडे गेलो. परवानगी मागायला नव्हे,
शनिवारी चावी दुसऱ्या कुणाला द्या, एवढंच सांगायला.
तो बराच वेळ टेबलाची कड खरवडत बसला.
म्हणाला, कायदा मी लिहिलेला नाही, नझर.
मी म्हटलं, मग त्यात तुमचं अक्षर कसं?
त्यानं चावी घेतली नाही.
दारापर्यंत आला, आणि माझ्या कोटाचं
वरचं बटण लावून दिलं,
लहान मुलाचं लावतात तसं.

बोटीवर तिला ताप भरला.
मी जपमाळ ओढत होतो.
आमच्या भाषेत देवाला अल्लाच म्हणतात,
दुसरा शब्द नाही आमच्याकडे.
पलीकडच्या किनाऱ्यावर तोच दिओ होतो.
मला वाटलं, कायदाही इथंच कुठंतरी बदलत असेल,
पाण्यावर, जिथं ना बांध ना खूण,
आणि माझी पोर त्या जागेवरून
कण्हत चाललीय.
मी मणी मोजायचे सोडले.
लाटा मोजल्या.

ती वाचली.
मुलगा होता.
त्याचं नाव ती सांगत नाही, मी विचारत नाही.

आता चर्चच्या आतल्या खोलीत नवा अर्ज ठेवलाय,
कायदा आहे तसाच राहावा म्हणून.
पहिली ओळ माझ्यासाठी मोकळी सोडलीय, मानाची.
त्यावर मी मेणबत्त्यांचं खोकं ठेवतो.
गर्भातला जीव हा जीवच, हे मी आजही मानतो.
गुडघे टेकले की मानतो.
उठलो की तो टॉवेल दिसतो.

यंदा खोट्या घड्याळाला रंग द्यायचा आहे.
शिडी लावली, डबा उघडला.
मार्टेझला म्हटलं, अंक काढून देशील?
ती अंगणात कपडे वाळत घालत होती.
दातांत चिमटा धरूनच म्हणाली,
काढीन. पण काटे कुठं ठेवायचे, बाबा?

चार दिवस झाले.
डब्यातल्या रंगावर साय धरलीय.