उपे, म्हणजे नदी

बिरूता गेली तेव्हा माझ्या वाट्याला आलं :
एक शिवणयंत्र, साडेतीन बरण्या मुरंबा,
दोन मांजरी,
आणि मांजरींच्या आतड्यात राहणारं ते,
ज्याचा मृत्युपत्रात उल्लेख नव्हता.

नावं तिनंच ठेवलेली.
सेने, म्हणजे अळंबी. कोपऱ्यात कधी उगवते कळत नाही.
आणि उपे, म्हणजे नदी.
उपे नावाला जागली.
पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघर, दिवाण, माझे कामाचे बूट,
सगळीकडून वाहिली.

लिएपायात वारा कधी थांबत नाही.
भर जानेवारीत खिडकी उघडी टाकून झोपलो,
कोट, टोपी, मोजे,
आणि पायथ्याशी दोघी,
ज्यांना स्वतःचा वास येत नव्हता,
किंवा आला तरी बोलून दाखवत नव्हत्या.

डॉक्टर सार्मिते म्हणाली, बघा.
मी दुर्बिणीला डोळा लावला.
चाळीस वर्षं वेल्डिंगच्या काळ्या काचेतून बघणारा डोळा,
उजेडाची सवय आहे त्याला, इतक्या बारीक जिवाची नाही.
पेअरच्या आकाराचं काहीतरी
लिंडेनचं पान गळावं तसं गिरक्या घेत
खाली, खाली,
कुठेच न पडता.
दुसऱ्या काचेवर रंग घातलेलं, निपचित.
त्याला दोन डोळे होते.
डोळे नव्हेत, ती म्हणाली, केंद्रकं आहेत.
असतील. पण माझ्याकडेच बघत होतं.

पाच दिवस औषध. मग थांबा. मग पुन्हा पाच दिवस.
पांढरी पेस्ट, पिचकारीतून, गालाच्या आत.
सेने गिळते.
उपे गिळल्याचं नाटक करते
आणि पडद्यामागे जाऊन थुंकते.
रोज वाळू बदला, भांडी उकळा, फरशीला वाफ द्या,
ओल राहू देऊ नका, ओलीत ते तग धरतं.
ओल राहू देऊ नका!
समुद्रापासून दोनशे पावलांवर!
शेवटच्या दिवशी मांजरीला अंघोळ, विशेषतः मागून.
माझ्या हातावर जुने डाग ठिणग्यांचे आहेत.
रेघा नव्या आहेत.

तीन दिवसांचे नमुने फ्रिजमध्ये, केफिरच्या शेजारी,
मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत.
झाकणावर बिरूताच्या अक्षरात अजून :
ऑगस्ट. साखर कमी.

मार्चमध्ये : आहे.
मेमध्ये : नाही. मी केक आणला, शेजारच्या वाल्डिसला बोलावलं,
कशाबद्दल ते त्याला सांगितलं, त्यानं केक अर्धा ठेवला.
जूनमध्ये : आहे.

राहिली होती ती एक शाल.
बिरूतानं विणलेली, राखाडी, जाड लोकरीची.
उपे तिच्यावरच झोपायची. मी ती धुतली नव्हती.
का, ते डॉक्टरला सांगितलं नाही.
तिला खोकल्याच्या गोळ्यांचा वास यायचा, बडीशेपेचा,
संध्याकाळी मीही तिच्यात नाक खुपसायचो,
दार लावून.
घरात दुसरं कोणी नसताना, दार लावून.

जुलैत मोठं पातेलं चढवलं.
लोकर उकळू नये, हे आईनं आम्हा दोघांनाही शिकवलं होतं.
लाकडी डावानं ढवळत राहिलो, सूप ढवळावं तसा.
वाफेत एकदा, एकदाच, ती आली
आणि खिडकीतून गेली.
या गावात वारा कधी थांबत नाही.

शाल आटली. घट्ट, ताटाएवढी.
माणसाच्या खांद्यांना आता पुरायची नाही.
उपे आली, हुंगली, माझ्याकडे तक्रारीनं पाहिलं,
तीनदा गोल फिरली
आणि बरोब्बर मावली.

काल पुन्हा नमुना दिला. निकाल गुरुवारी.
सार्मिते म्हणते, कधी कधी ते जातच नाही,
मांजर त्याच्यासकट म्हातारी होते,
काही बिघडत नाही फारसं.
मी वाळू चाळतो आहे.
आज घट्ट आहे.
देवाशी माझं बोलणं नसतं,
म्हणून कपाट उघडून
न उघडलेल्या शेवटच्या बरणीला सांगितलं :
आज घट्ट आहे.